कडूबाचं इंग्रजीतलं वर्णन

मेहकरच्या तहसील कचेरीसमोर निंबाच्या झाडाखाली चार अर्जनवीस बसायचे. तिघं मराठीत लिहायचे, उत्तमराव इंग्रजीत. मराठी राज्य होऊन पाच वर्षं झाली होती, साहेब लोकही आता मराठीत सह्या ठोकायला लागले होते. त्यामुळे तिघांपुढे माणसांची दाटी असायची आणि उत्तमराव आपले टाकाची निब पुसत बसलेले असायचे. कुणी चिडवलं की म्हणायचे, "अबे, मिलिटरी, रेल्वे अन् हायकोर्ट हे तिघं जोवर इंग्रजीत बोलून राह्यले, तोवर मले मरण नाही." आणि ते काही खोटं नव्हतं. महिन्याकाठी एखादा तरी कागद असा यायचा, की बाकीचे तिघं तो उलटसुलट करून पाहायचे आणि मुकाट्याने उत्तमरावांकडे बोट दाखवायचे.

उत्तमरावांचा सगळा भरवसा एका वहीवर होता. जुन्या मध्यप्रांताच्या काळात त्यांनी अकोल्याला एका मोठ्या कचेरीत नक्कलनविशी केली होती. तिथे साहेबांच्या कागदांतली जी जी वाक्यं डौलदार वाटली, ती त्यांनी या वहीत उतरवून ठेवली होती. शेतीच्या तंट्याची वेगळी, बदलीची वेगळी, माणसाचं वर्णन करायची तर वेगळी पानंच होती. बापासाठी एक वाक्य ठरलेलं होतं: अत्यंत प्रेमळ, दयाळू आणि मुलाबाळांच्या सुखासाठी अहोरात्र झटणारा पिता. मेहकर तालुक्यातले झाडून सगळे बाप या एका वाक्यात बसून इंग्रजीत गेले होते. त्यात दारुडे होते, जुगारी होते, आणि पोराच्या डोक्यात वरवंटा घालणारा एक महाभागही होता. वाक्य सगळ्यांना व्यवस्थित आलं होतं.

पासष्ट सालचा कार्तिक संपत आला होता. लढाई थांबून दोन महिने झाले होते. बाजाराचा दिवस होता, कापसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या होत्या. अशात डोणगावची गोजरबाई उत्तमरावांपुढे येऊन बसली. पन्नाशीची बाई, हाडापेरानं मजबूत, उन्हानं काळवंडलेली. तिनं पिशवीतून एक लांब लिफाफा काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

"डोनगावच्या मास्तरनं वाचला," ती म्हणाली, "पन जवाब लिहाची त्याची हिंमत नाय झाली. म्हने, उत्तमरावाकडं जा."

उत्तमरावांनी चष्मा लावला. पत्र उत्तरेकडच्या एका मिलिटरी हॉस्पिटलातल्या डॉक्टरचं होतं. त्यांनी ते आधी मनात वाचलं, मग हळूहळू मराठीत सांगू लागले. शिपाई इंद्रभान कडूबा याचा पाय कापावा लागला, हे तुम्हाला तारेनं कळवलंच आहे. जखम आता भरली आहे. कुबड्यांवर चालायला त्याला शिकवलं आहे. पण तो धड जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. घरून आलेली पत्रं न फोडता उशाखाली ठेवतो. आपल्याला घरी पाठवू नये, अपंग शिपायांच्या आश्रमात पाठवावं, असं त्यानं लिहून दिलं आहे. मी कारण विचारलं. तो म्हणाला, मी दोन पायांवर होतो तेव्हाही बापानं माझ्याकडे कधी पाहिलं नाही, आता काय पाहणार. आश्रमातली जागा एक जानेवारीला मोकळी होते. तिथे गेलेली माणसं सहसा परत येत नाहीत. तेव्हा या मुलाचा बाप खरोखर कसा माणूस आहे ते मला कळवा. मला मराठी येत नाही, इंग्रजीत लिहा. मी ते त्याला हिंदीत वाचून दाखवीन.

गोजरबाईनं हे सगळं आधी ऐकलेलं होतं, तरी ती पुन्हा एकेक शब्द ऐकत होती.

"म्या चार चिठ्ठ्या धाडल्या," ती म्हणाली. "त्याच त्याच्या उशाखाली हाएत. माय बापाची बाजू घेनारच, हे त्याले ठाव हाये, म्हनून तो फोडतच नाय. आता परका मानूस सांगीन तेच तो आयकीन. भाऊ, माहं लेकरू त्या आश्रमात गेलं तर मले पुन्हा दिसनार नाय. तुमी असं काई लिहा का त्यानं घरी याव."

"मालक आले आहेत का संगती?"

तिनं हनुवटीनं रस्त्याकडे दाखवलं. कचेरीच्या कुंपणाबाहेर एक गाडी सोडलेली होती. एक उंच, वाळका माणूस त्यांच्याकडे पाठ करून बैलाची मान चोळत उभा होता. तोच कडूबा. तो तासभर तिथेच आणि तसाच उभा राहिला.

उत्तमरावांनी वही उघडली, आणि ठरलेलं वाक्य आणखी दोन विशेषणं लावून सुंदर अक्षरात उतरवलं. मग ते मराठीत वाचून दाखवलं. अत्यंत प्रेमळ, दयाळू, अहोरात्र झटणारा, वगैरे.

गोजरबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. "हे कोनाचं हो?" तिनं विचारलं.

"म्हणजे काय? तुमच्या मालकाचं."

तिनं एकदा गाडीकडे पाहिलं, आणि तशा दुःखातही तिला हसू आलं. तोंडाला पदर लावून ती म्हणाली, "भाऊ, हे आयकलं का इंद्रभान म्हनीन, डाक्टरले दुसऱ्याच कोन्या बापाची चिठ्ठी आली. तो ते फाडून टाकीन. जसं हाये तसं लिहा."

वीस वर्षांत उत्तमरावांच्या त्या वाक्याला कुणी नाही म्हटलं नव्हतं. त्यांना थोडा राग आला. कागद बाजूला सारून ते म्हणाले, "मग सांगा, कसा आहे तुमचा मालक?"

"बोलत नाय."

"कोणाशी?"

"कोनाशीच. माह्याशी कामापुरतं. पोराशी तेबी नाय. पोराले काई सांगाचं असलं तर मले सांगत, त्याले सांग म्हनून. पोरगं तिथंच बसेल राहे."

असल्या माणसांसाठीही वहीत एक पान होतं. साहेब लोक हाताखालच्यांचे गुप्त शेरे लिहीत, त्यातून उचललेले शब्द होते ते. उत्तमरावांनी ते एकेक करून बाईपुढे ठेवले, भाजीवाल्यानं वांगी ठेवावी तसे. थंड माणूस, म्हणजे ज्याला माया नाही असा. नाय, बाई म्हणाली. बेपर्वा, म्हणजे ज्याला दुसऱ्याच्या सुखदुःखाचं काही लागत नाही. लागते, बाई म्हणाली, पन दिसत नाय. मग अलिप्त. ते कसं असते? साधू बैरागी असतात ना, तसं. त्यावर तर तिनं सरळ हात झटकला. "यायले बैलाच्या खुरात काटा मोडला तरी झोप लागत नाय. हे कुठले बैरागी."

उत्तमराव अडले. अर्ध्या जगावर राज्य करून गेलेली भाषा, आणि तिच्यात डोणगावच्या एका शेतकऱ्याला पुरेसा शब्द सापडेना. दूर राहणाऱ्या माणसासाठी शब्द ढिगानं होते, पण प्रत्येक शब्दानं त्या माणसाला आधीच गुन्हेगार ठरवून टाकलेलं होतं. त्यांनी पाठीची कव्हरं गेलेली डिक्शनरी उघडून पाहिली. तिथेही तेच. शेजारचे तिघं अर्जनवीस आता आपापलं काम करता करता कान देऊन ऐकत होते.

"हे असं आधीपासूनच?" त्यांनी विचारलं.

"आधीपासून मंजे," गोजरबाई म्हणाली, "आमच्या घराची रीतच तशी. सासऱ्यादेखत मानसानं आपलं लेकरू उचलाव नाय, त्याचं नाव घेऊन हाका मारू नाय. दुसऱ्याचं उचलाव, भावाचं उचलाव, आपलं नाय. बेशरमपना म्हनत त्याले. आमचे सासरे भगवानराव, लय कडक. ते दिवसभर ओसरीवरच बसेल असत. पोरगं रांगत यांच्या पायापाशी ये, अन् हे पाय मांगं घेत. सासरे गेले तवा इंद्रभान बारा वर्साचा झाला व्हता. आता बारा वर्साचं पोरगं कोनी उचलते का? हाताले सवयच नाय राह्यली."

उत्तमरावांच्या स्वतःच्या घरातही हीच रीत होती, त्यामुळे त्यांना यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. आता टाक हातात धरून त्यांना वाटलं, की हे त्या परक्या डॉक्टरला कळावं कसं.

"बाई," ते म्हणाले, "विशेषणं जाऊ द्या. या माणसानं पोरासाठी केलेली एक गोष्ट सांगा. एकच. म्हणजे मी तेवढीच लिहितो."

ती बराच वेळ आठवत राहिली. खेळणं आणलं का, नाही. शाळेत घालायला गेला का, तो आजा गेला होता. फौजेत निघाला तेव्हा सोडायला आला का, तर तेव्हा तो शेतात डवरत, म्हणजे पिकातलं तण काढत होता, मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. जे आठवेल ते बापाच्या विरुद्धच जात होतं. ती रडकुंडीला आली. मग इकडेतिकडे बघत ती पुढे सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "एक हाये. पन ते लिहू नका, भाऊ. डाक्टरले वाटीन का बापाच्या डोक्यावर परिनाम झाला. मंग तर तो पोराले धाडनारच नाय."

"सांगा तर खरं."

"तार आली, पाय गेला म्हनून, त्याच्या चौथ्या का पाचव्या दिवसाची गोष्ट. फटफटलं व्हतं. म्या शेन काढाले कोठ्यात गेली, तर हे तिथं. आपला एक पाय गुडघ्यात मोडून मांडीले दोरानं करकचून बांधेल. काखेत काठी. अन् एका पायावर उड्या मारून राह्यले. म्या म्हनलं, अवो हे काय, तर बोलले नाय. कोठ्यातून आंगनात आले, आंगनातून न्हानीपाशी गेले. तिथं शेवाळ व्हतं, तिथं पडले. धाडकन. उठले. कमरेले डबी व्हती, त्यातला चुना काढून पडले तिथं फुली मारली. मंग विहिरीच्या वाटेनं. तिथं दोनदा पडले. दोन फुल्या."

उत्तमराव ऐकत होते. मराठीवाल्यांपैकी एकाचा टाक थांबला.

"मंग?"

"मंग दोर सोडून पाय मोकळा केला, कुदळ घेतली अन् जिथं जिथं फुली व्हती तिथली जमीन सारखी करत बसले. न्हानीतला गोटा काढला, तिथं खडबडीत फरशी बसवली. विहिरीवर हाताले धराले मेढ ठोकली. त्या दिवसापासून हेच चालू हाये. रोज सकाळी पाय बांधतात, घरभर, वाडाभर, वावरापर्यंत हिंडतात. पडतात. फुली मारतात. एक दिवस चुन्याची मारतात, एक दिवस गेरूची. काऊन ते मले ठाव नाय. आमचं घर तुमी पाहासाल तर भानामती झाल्यावानी दिसते. पांढऱ्या फुल्या, तांबड्या फुल्या."

"अन् हे ते कोणाला काहीच सांगत नाहीत?"

"कोनाले सांगतीन? लोक कुंपनावरून पाहातात. पोट्टे हसतात. अन् मांगच्या शुक्रवारी तर हद झाली. दारात उंबऱ्याले अडखळून तोंडावर पडले, ओठ फुटला. उठून बसले, उंबऱ्याकडं पाहात राह्यले. मंग पटाशी अन् करवत आनली, अन् उंबरा कापून काढला."

आता तिन्ही टाक थांबले. उंबरा म्हणजे काय खेळ आहे? उंबऱ्यावर बसू नये, उंबऱ्यावर शिंकू नये, देणंघेणं उंबऱ्याच्या आतबाहेर उभं राहून करू नये. नवी सून येते ती माप लवंडून उंबरा ओलांडते आणि त्या घराची होते. गोजरबाईनं तीस वर्षं रोज सकाळी त्या लाकडाला हळदकुंकू वाहिलं होतं. भिंत पडली तर माणूस पुन्हा उभी करतो, पण आपल्या हातानं घराचा उंबरा कापणारा माणूस त्या चौघांपैकी कुणी पाहिला नव्हता.

"आमचे मोठे भासरे शंकरराव आले," ती म्हणाली. "लय बोलले. म्हनले, बापाच्या हातचा उंबरा, घराची लक्षुमी बाहीर काढली तुनं. गावात तोंड दाखवाची सोय नाय ठेवली. हे खाली पाहून आयकत राह्यले. सगळं आयकून घेतलं, अन् भासरे गेले तशी उंबऱ्याच्या जागी माती घालून चोपनं घेतलं. ठोकून ठोकून जमीन आतबाहीर एक केली."

मग तिनं पदरानं डोळे पुसले. "हे नका लिहू," ती म्हणाली. "येडेपना हाये हा."

उत्तमरावांनी टाक खाली ठेवला आणि कुंपणापलीकडच्या त्या पाठीकडे पाहिलं. एवढा वेळ ती त्यांना नुसती एक आडमुठी पाठ दिसत होती. आता त्यांना तिच्याकडे टक लावून पाहायचीही चोरी वाटू लागली, देवळात कुणी डोळे मिटून उभा असला की आपण नजर वळवतो तसं. आपले वडील फार कडक होते, असं ते स्वतः जन्मभर लोकांना सांगत आले होते. आपण ज्या वाटांनी न पडता मोठे झालो त्या कुणी सारख्या करून ठेवल्या होत्या, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आता विचारायला वडीलही नव्हते.

"बाई," ते म्हणाले, "मी आता हेच लिहिणार. दुसरं काहीही लिहिणार नाही."

"अन् त्यायनं येडा म्हनलं तर?"

"म्हणू द्या. पण इंद्रभानाला कळेल."

त्यांनी वही मिटून पेटीत टाकली. 'मोठ्या नम्रतेनं निवेदन करण्यात येते की' हे शब्द हातातून आपोआप उतरू पाहत होते, ते त्यांनी परतवले. मग जे लिहिलं ते असं होतं, की चौथीतलं पोरगंही लिहील. छोटी छोटी वाक्यं. बाप बोलत नाही. घरात मुलाला उचलायची रीत नव्हती, म्हणून त्यानं मुलाला उचललं नाही. तार आल्यापासून तो रोज सकाळी आपला एक पाय बांधतो. काठी घेऊन घरभर चालतो. जिथे पडतो तिथे खूण करतो. मग ती जागा सपाट करतो. आतापर्यंत तो किती वेळा पडला ते त्याच्या बायकोला मोजता आलेलं नाही. त्यानं घराचा उंबरा कापून काढला आहे. आमच्याकडे असं कुणी करत नाही. त्याच्या भावानं त्याला फार बोल लावले. त्यानं उत्तर दिलं नाही. एवढं लिहून उत्तमराव थांबले. कुठे एक डौलदार शब्द नव्हता. वीस वर्षांत आपण लिहिलेलं हे पहिलं खरं इंग्रजी, असं त्यांना वाटलं.

पत्राखाली बापाचा अंगठा हवा होता. गोजरबाईनं जाऊन कडूबाला बोलावून आणलं. तो आला, खाली मान घालून बसला. वरच्या ओठावर खपली होती. उत्तमरावांनी शाईची गादी पुढे केली, आणि त्यांची नजर त्याच्या पायांवर गेली. घोट्याच्या वर दोर काचल्याचे लाल वळ होते. एका पायावर नाही, दोन्ही पायांवर.

त्यांना ते उमजेना. पण त्या माणसाला काही विचारायचा धीर त्यांना झाला नाही. कडूबानं अंगठा उठवला, डोक्याला पुसला आणि तो तसाच बसून राहिला. उठेना. बायको त्याच्याकडे पाहू लागली. मग जमिनीकडे पाहतच तो म्हणाला,

"त्यात एक लिहा."

"बोला, कडूबा."

"पाय कोन्ता गेला ते कळवा म्हना. डावा का उजवा."



"तारंत नव्हतं," कडूबा म्हणाला. एवढं बोलायची सवय नसल्यानं तो मध्येमध्ये थांबत होता. "म्हनून एक दिवस डावा बांधतो, एक दिवस उजवा. पडाच्या जागा येगळ्या येगळ्या हाएत. चुन्याच्या डाव्याच्या, गेरूच्या उजव्याच्या. कोन्ता ते समजलं तर बरं राहीन."

उत्तमरावांनी घाईघाईनं डॉक्टरचं पत्र पुन्हा उघडलं. शिपायाचा नंबर होता, पलटण होती, वॉर्ड होता, खाट कितवी ते होतं. पाय कोणता ते नव्हतं. तार पोस्टमास्तरनं वाचली होती, पत्र डोणगावच्या मास्तरनं वाचलं होतं, त्यांनी स्वतः दोनदा वाचलं होतं, सख्ख्या आईनं चारदा ऐकलं होतं. हा प्रश्न एकालाही पडला नव्हता. ज्याला तो पडला त्यानं तो दोन महिने तोंडातून काढला नव्हता, आणि उत्तर माहीत नाही म्हणून दोन्ही पायांनी पडत राहिला होता. असं काही आपल्याला या जन्मी पाहायला मिळेल, असं उत्तमरावांना वाटलं नव्हतं. त्यांनी शेवटची ओळ लिहिली. बाप विचारतो, पाय कोणता गेला ते कृपा करून कळवा. तो एक दिवस डावा बांधतो आणि एक दिवस उजवा.

"बस?" त्यांनी विचारलं.

"बस," म्हणून कडूबा उठला आणि बैल जुंपायला गेला.

जवाब उत्तमरावांच्या पत्त्यावर यायचा होता. ते कधी नव्हे ते पोस्टमनची वाट पाहू लागले. पंधरा दिवस झाले, वीस झाले. डिसेंबर सरत आला. कापसाच्या गाड्यांबरोबर डोणगावहून गोजरबाईचे निरोप येत, आलं का काई, आणि उत्तमराव नाही म्हणून सांगत. एक तारीख जवळ यायला लागली तसं त्यांना वाटू लागलं, की बाईचंच खरं होतं, आपण नको ते लिहिलं. डौलदार इंग्रजी लिहिलं असतं तर निदान डॉक्टरवर तरी छाप पडली असती. या विचारानं त्यांना जेवण गोड लागेना.

एकोणतीस तारखेला पत्र आलं. झाडाखालीच, उभ्याउभ्या त्यांनी ते फोडलं. डॉक्टरनं थोडंच लिहिलं होतं. पत्र मी हिंदीत वाचू लागलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. उंबऱ्याचं वाचलं तेव्हा तो या कुशीवर वळला. शेवटची ओळ त्यानं मला तीनदा वाचायला लावली. मग उशाखालची चारही पत्रं त्यानं एकामागून एक फोडली. आश्रमाचा अर्ज त्यानं परत घेतला आहे. तो सहा जानेवारीला तुमच्याकडे पोहोचेल. आणि त्याच्याखाली पेन्सिलीनं, वाकड्यातिकड्या मराठीत, दुसऱ्या कुणाचं तरी अक्षर होतं. तेवढी एकच ओळ.

उत्तमरावांनी पेटीला कुलूप लावलं, समोर उभ्या असलेल्या एका पक्षकाराला उद्या ये म्हणून सांगितलं, आणि डोणगावची एसटी धरली. निरोप धाडता आला असता. पण हा कागद दुसऱ्याच्या हाती द्यायचं त्यांच्या मनात येईना.

घर विचारावं लागलं नाही. अंगणातच पांढऱ्या फुल्या दिसल्या, मग तांबड्या. काही नुसत्या, काहींभोवती माती नव्यानं चोपलेली. विहिरीच्या वाटेवर दगड उचलून दोन्ही बाजूंना लावून ठेवलेले होते. न्हाणीपाशी मेढ होती, गोठ्यापाशी मेढ होती, आणि प्रत्येक मेढ हाताला लागेल एवढ्या उंचीवर तासून गुळगुळीत केलेली होती. उत्तमरावांनी चपला बाहेरच काढल्या. दारात आले, आणि जन्माच्या सवयीनं उंबरा ओलांडायला त्यांनी पाय उचलला. खाली उंबरा नव्हता. पाय सपाट जमिनीवर पडला आणि ते आत आले.

कडूबा आत भिंतीशी दोर वळत बसला होता. गोजरबाई चुलीपासून धावत आली.

"येतो आहे," उत्तमराव म्हणाले. "सहा तारखेला. घरीच येतो आहे."

गोजरबाई पदर तोंडाला लावून रडू लागली. कडूबा उठून उभा राहिला. त्याचे डोळे उत्तमरावांच्या तोंडाकडे लागले होते. अशी सरळ नजर त्यानं त्या दिवशी झाडाखाली एकदाही दिली नव्हती. त्याला अजून एक ऐकायचं होतं, आणि ते विचारायची त्याला पुन्हा हिंमत होत नव्हती.

उत्तमरावांनी कागद उघडला आणि पेन्सिलीची ओळ वाचली. "बाबा, डावा. गुडघ्याच्या खालून."

कडूबा कोपऱ्यातलं एक ओलं फडकं घेऊन खाली बसला आणि दारातली एक तांबडी फुली पुसू लागला. ती पुसली, पुढची पुसली. ओसरीवरची पुसली, अंगणात उतरला, न्हाणीपाशी गेला, विहिरीच्या वाटेनं वाकून वाकून गेला. उत्तमराव आणि गोजरबाई दारात उभे राहून पाहत होते. परत आला तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत गेरू माखला होता, आणि घरात फक्त पांढऱ्या फुल्या उरल्या होत्या.

"नऊ जागा सारख्या कराच्या राह्यल्या," तो बायकोला म्हणाला.

"अन् दिवस आठ," गोजरबाई म्हणाली.

"पुरतात," कडूबा म्हणाला, आणि ओसरीवर बसून त्यानं आपला डावा पाय बांधायला घेतला.